कोशकाराचें बिऱ्हाड

मराठी भाषेच्या छापील व्याकरण-कोशांचा इतिहास लिहूं लागलें म्हणजे डॉ. विल्यम केरी ह्या इंग्रज मिशनऱ्याचें नांव अगदीं आरंभींच घ्यावें लागतें. कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूर येथें इ. स. १८०५ सालीं त्यानें मराठीचें व्याकरण छापून काढिलें आणि १८१० सालीं मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. त्या कोशांतील मराठी शब्द मोडी खिळ्यांनीं छापलेले आहेत. पुढें १८३१ सालीं मोल्सवर्थचा भव्य कोश बाहेर पडला आणि केरीचा कोश मागें पडला, तो कायमचाच. तथापि ज्या माणसाचें एतद्देशीय आयुष्य सारें बंगालांत गेलें, त्यानें आमच्या भाषेसाठीं एवढी खटपट करावी, ह्याबद्दल आमचे वाङ्मयेतिहासकार त्याचें स्मरण कृतज्ञतेनें करीत आले आहेत, व तें योग्यच आहे.

परंतु कोशाच्या मुखपृष्ठावर नांव एकाचेंच असतें. बिऱ्हाडांत माणसें पुष्कळ असतात. इ. स. १७९३ च्या नोव्हेंबरांत केरी कलकत्त्यास उतरला तेव्हां त्याच्याबरोबर त्याची बायको होती, चार मुलगे होते आणि बायकोची एक बहीण होती. मुलांपैकीं वडील सात-आठ वर्षांचा आणि धाकटा सहा महिन्यांचा. ह्या सात माणसांनीं एका सर्वस्वीं अनोळखी देशांत संसार कसा मांडला, त्यांत त्यांना काय लाभलें आणि काय गमवावें लागलें, ही हकीकत केरीच्या चरित्रांतून बहुधा दोन-चार पानांत आटोपलेली असते. ती जरा सावकाशीनें पाहावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. धर्मप्रसाराच्या बऱ्यावाईटपणाचा वाद येथें करावयाचा नाहीं. आमचा विषय त्या घराच्या चुलीपुरता मर्यादित आहे.

केरीचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजीं इंग्लंडांतील नॉर्दॅम्प्टन परगण्यांत पॉलर्सपरी नांवाच्या खेड्यांत झाला. बाप आधीं विणकर व मागाहून गांवच्या शाळेचा पंतोजी. मुलगा जोडे शिवण्याच्या धंद्यांत उमेदवार म्हणून राहिला आणि जोडे शिवतां शिवतां लॅटिन, ग्रीक, हिब्रू अशा एकामागून एक भाषा स्वतःच्या हिंमतीवर शिकला. १० जून १७८१ रोजीं पिडिंग्टन गांवच्या देवळांत त्याचें लग्न डॉरथी प्लॅकेट हिच्याशीं झालें. त्या वेळीं त्याला विसावें वर्षही पुरें लागलें नव्हतें. ती त्याच्याहून पांच-सहा वर्षांनीं वडील होती. लग्नाच्या नोंदवहींत तिनें सहीच्या जागीं फुली काढलेली आहे. तिच्या नवऱ्यानें पुढें डोंगराएवढें लेखन केलें. तिच्या स्वतःच्या हातची रोजनिशी म्हणून कांहीं नाहीं. तिच्याविषयीं जें आपणांस समजतें तें नवऱ्याच्या रोजनिशींतून आणि त्याच्या मित्रांच्या पत्रांतून. हें ध्यानांत ठेवूनच पुढील मजकूर वाचला पाहिजे.

संसार ओढग्रस्तीचा होता. केरी जोडे शिवी, शाळा चालवी आणि बॅप्टिस्ट पंथाच्या लहानशा मंडळीपुढें रविवारीं प्रवचनें करी; तिन्ही मिळकती एकत्र केल्या तरी पोटाला पुरतें होत नसे. दोन मुली बाळपणींच दगावल्या. मूल्टन गांवीं असतांना केरीनें भिंतीवर जगाचा एक नकाशा लावला होता आणि काम करतां करतां तो दूरदूरच्या देशांची माहिती त्यावर टिपून ठेवी, असें त्याचे मित्र सांगतात. त्याच घरांत, त्याच भिंतीखालीं, डॉरथी मुलांचें दुखणें-खुपणें पाहात होती. तिचें सारें आयुष्य तोंपर्यंत वीस-पंचवीस कोसांच्या टापूंत गेलेलें. नवऱ्याच्या डोळ्यांपुढें सबंध पृथ्वी आणि बायकोच्या डोळ्यांपुढें माहेरची वाट, असा तो प्रपंच होता.

१७९२ च्या ऑक्टोबरांत केटरिंग येथें त्या पंथाच्या कांहीं उपदेशकांनीं मिशनरी मंडळी स्थापन केली, आणि पुढल्याच जानेवारींत केरीनें जॉन टॉमस नांवाच्या डॉक्टराबरोबर बंगालांत जावें असें ठरलें. टॉमस बंगालांत राहून आलेला होता. डॉरथीस ही बातमी कळली तेव्हां ती गरोदर होती. तिनें साफ नाकारलें. चरित्रकारांनीं ह्या नकाराबद्दल तिला पुष्कळ बोल लावला आहे; परंतु जरा विचार करावा. दोन मुली पुरलेल्या, तिघे मुलगे हाताशीं, एक पोटांत. समुद्राचा प्रवास पांच महिन्यांचा. शिवाय त्याच फेब्रुवारींत फ्रान्सनें इंग्लंडाशीं युद्ध पुकारल्यामुळें समुद्रावर शत्रूच्या जहाजांचें भय. अशा स्थितींत ‘नको’ म्हणणारी बाई भित्री म्हणावी कीं शहाणी? अखेर केरीनें थोरल्या फीलिक्सला घेऊन पुढें जावें आणि बाकीच्यांनीं मागें राहावें असें ठरलें. केरी निघालाही. पण कंपनीचा परवाना नसल्यामुळें जहाजाच्या कप्तानानें ह्या मंडळीस वाटेंतच उतरवून दिलें. ह्या खोळंब्यांत मेच्या आरंभीं डॉरथी बाळंत झाली. मुलाचें नांव जाबेझ ठेवलें.

दुसरें जहाज डेन्मार्कचें मिळालें. त्याला इंग्रज कंपनीच्या परवान्याची अडचण नव्हती. निघण्यापूर्वीं केरी व टॉमस बायकोचें मन वळविण्यास पिडिंग्टनला गेले. तिनें पुन्हां नाहीं म्हटलें. दोघे परत फिरले. पण वाटेंतून टॉमस एकटाच मागें गेला आणि त्यानें तिला बजावलें कीं, आतां आली नाहींस तर जन्मभर पस्तावशील. कुटुंबाची ताटातूट कायमची होईल. ही मात्रा लागू पडली. बहीण किटी बरोबर येत असेल तर येतें, असें ती म्हणाली. किटी तयार झाली. एका दिवसांत सामान विकलें, बांधलें, आणि बिऱ्हाड हाललें. १३ जून १७९३ रोजीं डोव्हर येथून जहाज सुटलें. ज्या होकारावर पुढलें सगळें आयुष्य उभें राहावयाचें तो होकार असा एका भीतीच्या दिवसांत मिळविलेला होता.

११ नोव्हेंबर रोजीं ही मंडळी कलकत्त्यास पोंचली. कलकत्ता ही त्या वेळीं कंपनी सरकारची राजधानी. त्याच सालीं कॉर्नवॉलिसनें बंगालच्या जमीनमहसुलाचा कायमधारा ठरविलेला. तेथें गोऱ्या अंमलदारांची राहणी नबाबी थाटाची, आणि हें बिऱ्हाड तर गुपचुप उतरलेलें, बिनपरवान्याचें. विकून खर्च चालवावा म्हणून जो माल बरोबर आणला होता तो टॉमसच्या हवालीं होता, आणि टॉमसच्या हातीं पैसा टिकत नसे. थोडक्याच दिवसांत पैशाची चणचण भासूं लागली. हुगळीकांठच्या बांडेल गांवीं कांहीं दिवस राहून पाहिलें; तेथून पुन्हां कलकत्ता; शेवटीं शहराबाहेर माणिकतळ्यास एका बंगाली सावकाराच्या बागेंतलें लहानसें घर मिळालें, तें त्यानें भाड्यावांचून दिलें. त्या घरांत डॉरथीला आणि फीलिक्सला रक्ताची हगवण लागली.

केरीच्या रोजनिशींत ह्या दिवसांची नोंद आहे. बायको व मेहुणी आपल्याला सारख्या दोष देतात, इंग्लंडांत मिळणाऱ्या वस्तु येथें नाहींत म्हणून कुरकुरतात, विशेषतः पावाची उणीव त्यांना फार जाचते, आणि आपण आरंभिलेल्या कार्याचें महत्त्व त्यांना कळत नाहीं, अशी त्याची तक्रार आहे. वाचतांना कार्य मोठें आणि पाव क्षुद्र असें सहज वाटून जातें. पण आमच्यापैकीं कोणीं परमुलखांत महिनाभर भाकरीवांचून काढला असेल त्यास ही गोष्ट क्षुद्र वाटणार नाहीं. माणूस देश सोडतो म्हणजे काय सोडतो? राजा, ध्वज, कायदे ह्यांची आठवण त्याला सणासुदीला होते. पाण्याची चव, पिठाचा वास आणि शेजारणीची हांक ह्यांची आठवण दिवसांतून तीनदां होते. दुखण्यांतून उठलेल्या बाईनें पाव मागितला, ह्यांत तिची कार्याविषयींची अनास्था शोधण्याचें कारण नाहीं.

१७९४ च्या फेब्रुवारींत केरीनें एक होडी केली आणि सगळें बिऱ्हाड घेऊन तो पूर्वेकडे सुंदरबनांत निघाला. तिकडे जमीन फुकटासारखी मिळते, ती करून खावी, असा बेत. होडींत त्याचा मुन्शी रामराम बसु हाही होता. खाडीमागून खाडी ओलांडीत ते देबहाटा येथें पोंचले तेव्हां जवळचा शिधा संपत आला होता. तेथें कंपनीच्या मिठाच्या खात्यावरील चार्ल्स शॉर्ट नांवाचा इंग्रज राहात होता. त्याची ह्यांची ओळख ना देख. शिवाय ख्रिस्ती धर्मावर त्याची विशेष श्रद्धाही नव्हती. त्यानें होडींतलीं हीं दमलेलीं माणसें पाहिलीं आणि तुम्हांस वाटेल तितके दिवस माझ्या घरीं राहा, असें सांगितलें. हें देबहाटा हल्लीं बांगलादेशांत आहे आणि नदीपलीकडचें हासनाबाद भारतांत. ह्या हासनाबादेस केरी बांबूचें घर उभारूं लागला. सभोंवार दाट जंगल, वाघांच्या भयानें कित्येक लोक गांव सोडून गेलेले, हवा हिंवतापाची.

येथें एका योगायोगाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. देबहाट्याचा हा सारा प्रदेश पूर्वीं जसोरच्या प्रतापादित्य राजाच्या अंमलाखालचा. त्याच होडींत बसलेल्या रामराम बसूनें पुढें १८०१ सालीं बंगालींत ‘राजा प्रतापादित्य चरित्र’ लिहिलें. बंगाली गद्याच्या आद्य छापील ग्रंथांत त्याची गणना होते. ह्याच चरित्राचें मराठी भाषांतर केरीचे मराठी पंडित वैजनाथ ह्यांनीं केलें आणि तें १८१६ सालीं श्रीरामपूर येथें छापलें गेलें. आमच्या आरंभींच्या छापील मराठी गद्याचा एक धागा अशा रीतीनें त्या मिठागराच्या कांठापर्यंत जाऊन पोंचतो.

सुंदरबनांतलें घर पुरें होण्यापूर्वींच वरून बोलावणें आलें. माल्द्याचे कंपनीचे व्यापारी अधिकारी जॉर्ज उडनी ह्यांनीं आपल्या मदनाबाटी येथील निळीच्या कारखान्यावर केरीस दरमहा २०० रुपयांवर नेमलें. ह्या नोकरीमुळें पगार तर मिळालाच, पण निळीच्या कारखान्याचा व्यवस्थापक म्हणून बंगालांत राहण्याचा परवानाही मिळाला. निळीच्या धंद्यास तेव्हां बंगालांत भर येत होता. वेस्ट इंडीज बेटांपैकीं सेंट डोमिंगो येथें १७९१ सालीं गुलामांचें बंड होऊन तिकडची नीळ बंद पडत चालली होती, आणि युरोपांतली मागणी बंगालकडे वळत होती. एका बेटांतल्या बंडानें दुसऱ्या खंडांतल्या एका कुटुंबाची चूल पेटावी, असे व्यापाराचे दोरे असतात.

ह्या स्थलांतरांत एक माणूस मागें राहिलें. किटीनें शॉर्टशीं लग्न करण्याचें ठरविलें व ती देबहाट्यास राहिली. बहिणीच्या सोबतीसाठीं म्हणून जी आली तिनें नव्या देशांत घर केलें. जिच्यासाठीं आली ती मात्र एकटी पडली. सात माणसांत डॉरथीच्या गांवची बोली बोलणारी, तिच्या आईबापांना ओळखणारी अशी ती एकच बाई होती. नदीनें तीन आठवड्यांचा प्रवास करून १७९४ च्या जूनच्या मध्यास केरी कुटुंब माल्द्यास पोंचलें, आणि तेथून कांहीं कोसांवर टांगन नदीच्या कांठीं मदनाबाटीस त्यांचें बिऱ्हाड लागलें. विटांचें दुमजली घर, कारखान्याचे हौद आणि भोंवतीं भाताचीं शेतें.

केरीपुरतें बोलावयाचें तर येथें त्याचा जम बसला. निळीचा हंगाम पावसाळ्यांतल्या तीन-एक महिन्यांचा. झाडपाला हौदांत कुजत घालावयाचा, तें पाणी घुसळावयाचें, तळीं बसलेला गाळ गाळून, दाबून, सुकवून त्याच्या वड्या पाडावयाच्या. बाकीचे महिने मोकळे. त्या वेळांत तो मुन्शीजवळ बंगाली आणि संस्कृत शिके, गांवोगांव हिंडून लोकांशीं बोले, इंग्लंडांतून बियाणें आणि शेतीचीं अवजारें मागवी, बाग लावी. मजुरांशीं भांडतांना, पंडिताशीं वाद घालतांना, बाजारांत भाव करतांना त्याची जीभ त्या मातीला सरावत गेली. मुलांनींही मुलांच्या जातीप्रमाणें नव्या देशाची भाषा खेळतां खेळतां उचलली. फीलिक्स पुढें बंगालींत असा प्रवीण झाला कीं १८२० च्या सुमारास त्यानें त्या भाषेंत शारीरशास्त्रावर ग्रंथ लिहिला. घरांत बोलीच्या बाहेर राहिलेलें माणूस एकच होतें.

त्या पहिल्याच पावसाळ्याच्या अखेरीस केरी तापानें पडला. तो उठतो न उठतो तोंच पांच वर्षांचा पीटर आजारी झाला आणि ऑक्टोबरांत वारला. पुढें जें घडलें तें केरीनें स्वतः लिहून ठेविलें आहे. पेटी करण्यास सुतार मिळेना. खड्डा खणण्यास माणूस मिळेना. जातीस बाध येईल म्हणून जो तो दूर सरे. मोठ्या मिनतवारीनें चार मुसलमान खणण्यास आले, पण प्रेत उचलण्यास कोणी तयार होईना. दूर गांवीं माणसें पाठवून पाहिलीं. शेवटीं नवराबायकोंनीं स्वतःच तें ओझें उचलून न्यावें असें ठरविलें, इतक्यांत घरचा मेहतर आणि जातीबाहेर पडलेला एक पोरगा पुढें झाले व त्यांनीं मुलाला नेलें. एवढ्यानेंही संपलें नाहीं. ज्या चौघांनीं खड्डा खणला त्यांना गांवच्या मुखत्यारानें वाळींत टाकलें, आणि तें प्रकरण निस्तरण्यास केरीस जोर लावावा लागला.

हा प्रसंग वाचून आमच्या समाजरचनेचा धिक्कार करणें सोपें आहे, आणि तो करावाही. पण मला त्यांत दुसरी एक गोष्ट दिसते. माणूस नव्या गांवीं कितीही दिवस राहिला तरी तो गांवचा झाला कीं नाहीं, हें त्याच्या घरीं मृत्यु आला म्हणजे कळतें. सुखांत पाहुण्याला पाट मिळतो. खांदा मात्र आपल्या माणसालाच मिळतो. डॉरथीच्या माहेरच्या गांवीं तिचा मुलगा गेला असता तर शेजाऱ्यांनीं दाराशीं गर्दी केली असती. येथें दोन दिवस दार उघडें राहून कोणी आलें नाहीं, आणि आला तो ज्याला गांवानेंच बाहेर ठेवलें होतें असा.

ह्यानंतर थोड्याच महिन्यांत, १७९५ च्या आरंभीं, डॉरथीच्या मनाचा तोल गेला. नवरा आपल्याशीं एकनिष्ठ नाहीं, असा भ्रम तिला झाला. ती त्याच्या पाठोपाठ बाहेर जाई, लोकांदेखत त्याला नाहीं नाहीं तें बोले. एक-दोनदां तर त्याच्या अंगावरही धांवून गेली. प्रथम प्रथम भोंवतालच्या इंग्रज मंडळींस तिचें बोलणें खरें वाटलें, इतकें तें सुसंगत असे. मग हळूहळू सर्वांस उमगलें. पुढें तिला खोलींत ठेवावें लागे. १७९६ च्या जानेवारींत तिला आणखी एक मुलगा झाला, जोनाथन. ह्या आजाराला आजचे वैद्य काय नांव देतील, आणि मुलाचा शोक, वारंवारची हगवण, ताप व एकांतवास ह्यांपैकीं कशाचा वांटा किती, ह्याचा निवाडा सव्वादोनशें वर्षांनंतर पुस्तकांतून करूं नये. परंतु इतकें खास कीं, आजारापूर्वींच्या दीड वर्षांत ह्या बाईनें देश, बहीण आणि मूल अशा तीन गोष्टी गमाविल्या होत्या, आणि त्याविषयीं जिच्याशीं दोन शब्द बोलावे अशी एकही बाई जवळ नव्हती.

१७९९ च्या अखेरीस इंग्लंडांतून नवी मंडळी आली: जोशुआ मार्शमन, त्याची बायको हॅना, विल्यम वॉर्ड आणि इतर. कंपनीच्या मुलखांत त्यांना थारा मिळेना. डेन्मार्कच्या ताब्यांतील श्रीरामपूरच्या गव्हर्नरानें त्यांना आसरा दिला. म्हणून केरीनेंच मदनाबाटी सोडली आणि १० जानेवारी १८०० रोजीं तो कुटुंबासह श्रीरामपूरास आला. येथें सगळ्यांची चूल एक, तिजोरी एक. हॅना मार्शमननें मुलामुलींसाठीं शाळा काढली आणि केरीच्या मुलांनाही वळण लावलें. तीं तोंपर्यंत रानोमाळ वाढलेलीं होतीं. वॉर्डनें फीलिक्सला छापखान्यांत हाताशीं घेतलें. बाप ग्रंथांत आणि आई भ्रमांत, अशा घरांतील मुलांना दुसऱ्याच्या घरांतून आई-वडील मिळाले. सहा वर्षांपूर्वीं अशी एखादी हॅना मदनाबाटीस असती तर, हा विचार मनांत आल्यावांचून राहात नाहीं.

त्याच सालीं वेलस्लीनें कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज काढलें. १८०१ सालीं केरी तेथें बंगालीचा शिक्षक झाला. संस्कृत व मराठी हे विषयही क्रमाक्रमानें त्याच्याकडे आले. विद्यार्थ्यांसाठीं त्यानें १८०१ सालींच ‘कथोपकथन’ नांवाचें बंगाली संवादांचें पुस्तक सिद्ध केलें. त्यांत चाकर ठेवण्याच्या गोष्टी आहेत, बाजारहाट आहे, बायकांचें बोलणें आहे, त्यांचीं भांडणेंही आहेत. बंगाली बायकांच्या तोंडची रोजची भाषा पुस्तकांत आणणाऱ्या पहिल्या ग्रंथांपैकीं हा एक, म्हणून त्याचें मोल मोठें आहे. ज्या घरांत हें पुस्तक तयार झालें, त्या घरच्या बाईला त्यांतला एकही संवाद करतां आला असेल असें वाटत नाहीं.

मराठी व्याकरण १८०५ सालीं छापलें तेव्हां डॉरथीच्या आजाराला दहा वर्षें झालीं होतीं. पंडितांबरोबर केरीचें काम चालू असे आणि शेजारच्या खोलींतून तिचा आरडाओरडा ऐकूं येई, असें त्याच्या सहकाऱ्यांच्या घरच्यांनींच नमूद केलें आहे. वैजनाथपंडितांनींही तो ऐकला असावा. ८ डिसेंबर १८०७ रोजीं तापाच्या दुखण्यानें ती वारली. वय ५१ वर्षांचें. मराठी कोश त्यानंतर तीन वर्षांनीं बाहेर पडला. सहा महिन्यांच्या आंतच केरीनें शार्लट रुमोर नांवाच्या सुशिक्षित डॅनिश बाईशीं दुसरा विवाह केला आणि तो संसार सुखाचा झाला. स्वतः केरी एकदांही इंग्लंडास परत गेला नाहीं. चाळीस वर्षें बंगालांत काढून ९ जून १८३४ रोजीं तो श्रीरामपूर येथेंच वारला.

आतां ह्या हकीकतीचा न्याय कसा करावा? एकोणिसाव्या शतकांतल्या चरित्रकारांनीं डॉरथीला अडाणी, कुरकुरी, थोर नवऱ्याच्या पायांतली बेडी ठरविलें. अलीकडे वारें फिरलें आहे. जेम्स बेक ह्यांनीं १९९२ सालीं खास तिचेंच चरित्र लिहून तिची बाजू पुढें मांडली, आणि तेव्हांपासून कित्येकांनीं सगळा दोष केरीच्या माथीं मारण्यास आरंभ केला आहे. मला दोन्ही निवाडे घाईचे वाटतात. केरी निर्दय नव्हता. बायकोचा ज्वर वाढला, तिनें चारचौघांत अब्रू घेतली, तरी त्यानें तिला दूर लोटलें नाहीं; बारा वर्षें ती त्याच्याच घरीं राहिली आणि तेथेंच वारली. त्याची चूक निराळी होती, आणि ती आधीं झालेली होती. नव्या देशाला जाण्याचा उद्देश त्याचा होता. त्यानें असें धरून चालविलें कीं, उद्देश एकाचा असला तरी तो घरांतल्या सर्वांना पुरेल. तसा तो पुरत नसतो. उद्देश ज्याचा त्यालाच उन्हांत सावली देतो. बाकीच्यांना नुसतें ऊन लागतें.

आणि दुसरी गोष्ट भाषेची. परक्या मुलखांत माणूस रुजतो तो पगारानें नव्हे. पगार तर ह्या घराला मदनाबाटीस मिळतच होता. ज्याला भाजीवालीशीं भांडतां येतें, शेजारणीला दुखणें सांगतां येतें, मेलेल्या मुलाची आठवण कोणापाशीं तरी काढतां येते, तो रुजला. एकाच छताखालीं केरीच्या पदरांत एकामागून एक भाषा पडत होती, आणि त्याच्या बायकोपाशीं होती ती एक भाषाही बोलण्यास माणूस नसल्यामुळें निरुपयोगी होत चालली होती. शब्द गोळा करण्यांत ज्याचा हात कोणी धरूं शकला नाहीं, त्याला आपल्या घरांतलें शब्दांचें दुर्भिक्ष वेळीं दिसलें नाहीं. कदाचित् दिसलें असेल, आणि उपाय सुचला नसेल.

आज आमच्यापैकीं पुष्कळांच्या घरांतून मुलें-सुना परदेशीं संसार मांडण्यास जातात. परवाना, पगार आणि घर ह्यांची चौकशी आपण काळजीनें करतों. त्याबरोबर आणखी एक चौकशी करावी, असें ह्या जुन्या हकीकतीवरून वाटतें: जी जात आहे तिला तेथें बोलायला कोण आहे, आणि जाण्याचा होकार तिनें आपल्या मनानें दिला आहे ना? प्रवास आतां पांच महिन्यांचा राहिला नाहीं आणि पत्राची वाट पाहाण्यांत वर्ष जात नाहीं, हें खरें. तरी दुपारचें रिकामें घर सगळ्या देशांत सारखेंच असतें.

‘माहेर’ ह्या आमच्या शब्दाला इंग्रजींत एका शब्दाचा जोड नाहीं. कोशकारास तो शब्द दोन-तीन शब्दांनीं समजावून सांगावा लागतो. डॉरथीनें जें सोडलें त्याला नांव देणारा शब्द तिच्या भाषेंत नव्हता. ज्या भाषेंत तो होता ती तिच्या नवऱ्यानें शिकली. केरीचे ग्रंथ जुन्या ग्रंथालयांतून अजून आढळतात. ते हातीं आले म्हणजे मुखपृष्ठावरच्या नांवाबरोबर, पिडिंग्टनच्या नोंदवहींतली ती फुलीही वाचकांनीं आठवावी.